तळ कुठे ठोकायचा?

डिसेंबर लागला की भिलाईच्या टाउनशिपमध्ये एक प्रश्न सेक्टरासेक्टरांतून फिरायला लागतो: यंदा कुठे? पूर्वी याचं उत्तर ठरलेलं असे. सकाळी डबे भरायचे, सतरंज्या आणि एक मोठं पातेलं गाडीत टाकायचं, तांदुला धरण नाहीतर सियादेवी गाठायचं, तीन दगडांची चूल मांडायची आणि अंधार पडायच्या आत परतायचं, कारण कुणा ना कुणाची नाइट शिफ्ट असायचीच. आम्ही त्याला पिकनिक म्हणत असू. आजी शेवटपर्यंत वनभोजनच म्हणत राहिली. आता मुलांना दिवस पुरत नाही, रात्र हवी असते. पुण्यात शिकणारी भाचरं पवना धरणाच्या काठी तंबूत राहून येतात, तिकोना-तुंगचे फोटो पाठवतात, आणि मग इथल्या मुलांनाही तंबू हवा होतो. त्यात गेल्या दोन वर्षांत कॅरॅव्हॅनची भर पडली आहे.

आमच्या दोन घरांनी मिळून या भागात बऱ्याच रात्री बाहेर काढल्या. काही छान गेल्या, दोन-तीन अगदी वाईट. त्यातून माझं जे मत बनलं ते एका वाक्यात सांगता येतं: जागेचे फोटो संध्याकाळी सहाचे असतात आणि आपण तिथे खरे राहतो ते रात्री अकरा ते पहाटे पाच. जागा त्या सहा तासांसाठी निवडायची. सूर्यास्त कुठेही बरा दिसतो.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आपण ज्या ‘कॅम्पग्राउंड’ची वर्णनं ऐकतो, ती वस्तू आपल्याकडे जवळपास नाही. तिकडे सरकारी उद्यानात प्रत्येक जागेला नंबर असतो, खुंटावर तो लिहिलेला असतो, लाकडी टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं असतं. गाडी किती फूट लांब चालेल हे बुकिंग करतानाच कळतं. योसेमिटीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते आणि अस्वलांमुळे खाण्याच्या वस्तू लोखंडी पेटीत बंद ठेवाव्या लागतात. खासगी क्षेत्रात ‘केओए’ नावाची साखळी १९६२ साली मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी नदीकाठी सुरू झाली. तिच्या आवारात गाडीला वीज, पाणी आणि मैलापाण्याची नळी जोडून मिळते. आपल्याकडे ही तिन्ही कामं एक माणूस करतो. त्याला चौकीदार म्हणतात. म्हणून आपल्याकडे जागा निवडणं म्हणजे बव्हंशी चौकीदार निवडणं.

आणि मुक्काम करणं आपल्याला नवं आहे अशातला भाग नाही. आषाढीच्या वारीत दिंडीचा ट्रक पुढे जातो, पालखीतळावर राहुट्या उभ्या राहतात, टँकर लागतो, चुली पेटतात, आणि मागून शेकडो माणसं चालत येऊन आपापल्या राहुटीत शिरतात. बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं, सगळी. लोणंद, फलटण, वाखरी इथले तळ बघितलेल्या माणसाला कुटुंबासह उघड्यावर राहण्याचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. पाणी कुठे, चिखल कुठे, बायकांची सोय कुठे, हे तिथे आधी विचारतात. आम्ही मात्र तंबू म्हटला की आधी ‘व्ह्यू’ विचारतो.

भिलाईहून सर्वांत जवळचा मोठा व्ह्यू म्हणजे गंगरेल. धमतरीच्या पुढे, गाडीने दोन-अडीच तास. महानदीवरच्या या धरणाचं सरकारी नाव रविशंकर सागर, काम १९७९च्या सुमारास पुरं झालं, आणि भिलाईच्या कारखान्याला पाणी इथूनच येतं. जलाशयात बावन्न गावं गेली. त्यांची अंगारमोती देवी आता काठावर बसली आहे आणि दिवाळीनंतरच्या शुक्रवारी तिच्या मंडईला अजूनही ती माणसं येतात. पर्यटन मंडळाचं ‘बरदिहा लेक व्ह्यू’ इथलंच. शिवाय आसपास खासगी तंबूवाले.

गंगरेलबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. जलाशय पावसाळ्याअखेर भरतो, मग कारखाना, शहरं आणि शेती त्यातून पाणी उपसत राहतात. जानेवारीत तंबूच्या दारात असलेलं पाणी मेमध्ये पार खाली गेलेलं असतं, आणि मधल्या पट्ट्यात वाळून भेगाळलेला, वरून टणक आणि आतून मऊ असा गाळ असतो. मुलं त्यातून पाण्याकडे धावतात. काठावरच्या झाडांच्या बुंध्यांकडे पाहिलं तर पाणी कुठवर चढतं त्याची मातकट रेघ दिसते. तंबू त्या रेघेच्या वर हवा. दुसरी गोष्ट वाऱ्याची. एवढ्या पाण्यावरून थंडीत पहाटे जो वारा येतो तो कापडाला जुमानत नाही. झाडांची रांग किंवा टेकाड आड असलेली जागा घ्यावी, मग पाणी थोडं कमी दिसलं तरी चालेल.

आता ती वाईट रात्र. जागेचं नाव घेत नाही. तलावाकाठी पंचवीसेक तंबू, प्रत्येकात दोन गाद्या जमिनीवर, छताला रंगीत दिव्यांची माळ. संध्याकाळ झकास गेली. नऊला गाणी लागली ती साडेबारापर्यंत. आई तेव्हा चौऱ्याहत्तरची. गुडघ्यांमुळे तिला जमिनीवरच्या गादीवर बसवणं हेच एक काम होतं, उठवणं दुसरं. रात्री दोनला तिला जायचं होतं. संडास शंभर-सव्वाशे पावलांवर, दोन, आणि पंचवीस तंबूंना तेवढेच. वाटेवर दिवा नव्हता. रंगीत माळा होत्या, पण त्या फोटोसाठी, वाटेसाठी नव्हेत. मी मोबाइलचा उजेड धरला, वहिनीने आईचा हात. आत बादली होती, पाणी नव्हतं. चौकीदाराला हाका मारल्या, तो उठला, डोक्यावर मफलर गुंडाळत बादली भरून आणली, आणि परतताना आमच्या तंबूत डोकावून आईला म्हणाला, “दाई, भुइयां म झन सुतव.” म्हणजे जमिनीवर झोपू नका. स्वतःची खाटिया उचलून त्याने तंबूत आणून ठेवली. आई त्या खाटेवर झोपली, तो बाहेर पोत्यावर शेकोटीशी बसून राहिला. पैसे घेणारा मालक दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसला नाही.

त्याचं म्हणणं शिष्टाचाराचं नव्हतं. मण्यार, ज्याला इकडे करैत म्हणतात, रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते असं गावकरी मानतात. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. माणूस झोपेतून उठतो तो पोट दुखतंय, घसा आवळतोय म्हणत. पावसाळ्यात खेड्यांत असे प्रकार दरवर्षी होतात. म्हणून कुटुंबासाठी मी आता पहिला प्रश्न पलंगाचा विचारतो. पलंग किंवा खाट हवी, मच्छरदाणी हवी आणि ती गादीखाली खोचता यायला हवी, तंबूचं तळाचं कापड भिंतींना शिवलेलं हवं. मच्छरदाणी मलेरियासाठीही हवीच. बस्तरकडे निघालात तर तिच्यावाचून जाऊच नये. जवळात जवळचं असं रुग्णालय कुठे आहे जिथे सर्पदंशाची लस ठेवतात, आणि रात्री तिथवर रस्ता कसा आहे, हेही जागेच्या माहितीतच धरायचं.

संडासाबद्दल लिहिताना आपले लेखक लाजतात. मी नाही लाजत. सहा माणसांमागे एक हा माझा हिशेब, त्यातला निदान एक उंच बैठकीचा, पन्नास पावलांच्या आत, वाटेवर रात्रभर दिवा. एवढं जमत असेल तर बाकी काहीही चालवून घेता येतं.

जमीन ओळखायला छत्तीसगढच्या शेतकऱ्याकडे चार शब्द आहेत आणि ते आम्हा भिलाईकरांनी उसने घ्यावेत असेच आहेत: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठा म्हणजे उंचावरची मुरमाड, तांबडी माळजमीन. पीक बेताचं, पण पाणी थांबत नाही. कन्हार म्हणजे काळी कसदार. बेमेतरा-कवर्धा भागात ती भरपूर. तंबू आणि गाडी भाठ्यावर ठेवायची. कन्हारावर डिसेंबरातली एक अवकाळी सर आली की चाकं रुततात आणि ट्रॅक्टर शोधावा लागतो. उतार बघायला पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवायची; ती ज्या बाजूला लोळेल त्या बाजूला डोकं करून झोपायचं नाही. वर बघायला विसरू नये. वाळकी फांदी, मधमाश्यांचं आग्यामोहोळ आणि बिब्ब्याचं झाड, तिन्हींखाली तंबू नको. मोहोळाखाली शेकोटी पेटवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

कवर्ध्याकडे, भिलाईहून तीनेक तासांवर, मैकल डोंगरांच्या पायथ्याशी भोरमदेवचं अकराव्या शतकातलं देऊळ आहे. सरोधा दादरला पर्यटन मंडळाचं बैगा एथनिक रिसॉर्ट. थंडीच्या लाटेत जवळच्या चिल्फीला दव गोठतं, गवतावर पांढरा थर दिसतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर डिसेंबरअखेर इथे तंबूचा हट्ट धरू नये, पक्की खोली घ्यावी आणि अंगणात शेकोटी करावी. मैनपाटचीही तीच कथा, फक्त तो एक दिवसाचा प्रवास आहे. १९६२-६३पासून तिथे वसलेल्या तिबेटी लोकांचं गाव बघायला जरूर जावं, तंबूसाठी म्हणून एवढं लांब जाण्यात मला अर्थ दिसत नाही. बारनवापारा अभयारण्य, १९७६चं, २४५ चौरस किलोमीटरचं, मोहद्याला हरेली इको रिसॉर्ट: मुलांना पहिल्यांदा जंगलात रात्र दाखवायची असेल तर हे मला सर्वांत सोपं वाटतं. रस्ता सपाट, मुक्काम कुंपणात, सकाळी जिप्सीतून फेरी.

जंगलाच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. अभयारण्यात वाटेल तिथे गाडी थांबवून तंबू ठोकता येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिथे शिरायलाच परवाना लागतो. राखीव जंगलात आग पेटवणं हा १९२७च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. याच दिवसांत मोह गळतो, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, आणि त्याच मोहाच्या वासाने अस्वलं येतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली तंबू ठोकणं म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत आडवं पडणं.

हत्तींचं प्रकरण नवं आहे. सरगुजा-कोरबाचे हत्ती आम्ही वर्तमानपत्रात वाचायचो. अलीकडे कळप धमतरी, गरियाबंद, बालोदपर्यंत आले आहेत. वनखातं गावात मुनादी, म्हणजे दवंडी, देतं. बुकिंग करताना नव्हे, निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन करून विचारायचं की कळप कुठे आहे. केरळात वायनाडला जानेवारी २०२१मध्ये एका रिसॉर्टच्या तंबूत राहिलेली तरुण शिक्षिका हत्तीच्या हल्ल्यात गेली, त्यानंतर तिथल्या बेपरवाना तंबूंवर कारवाई झाली. जंगलाला लागून तंबू असेल तर भोवती चर किंवा सौर कुंपण आहे का, आणि परवाना कुणाचा, हे विचारायला संकोच कसला?

विस्तवाबद्दल बोलायचं तर शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र शाळेत असताना आम्हाला वाचून दाखवलं होतं. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल, अशा आशयाची काळजी त्यात आहे. नायलॉनच्या तंबूत मच्छर अगरबत्ती लावून झोपणाऱ्यांना ते पत्र पाठवावंसं वाटतं. शेगडी तंबूत तर आणूच नये. पेटत्या कोळशाचा धूर दिसत नसला तरी त्याचा वायू माणसाला झोपेतच गाठतो.

पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे जाणारे भिलाईकर पश्चिमेला विसरतात याचं मला नेहमी नवल वाटतं. जी.ई. रोड तसाच पुढे धरला, राजनांदगाव मागे टाकलं, बाघनदीला सीमा ओलांडली की देवरी येतं आणि दुकानांवरच्या पाट्या मराठी होतात. कोहमाऱ्याहून आत वळलं की नवेगावबांध. हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून याच काठावर वर्षं घालवली. १९७५पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प झाला. भंडारा-गोंदियाचे माजी मालगुजारी तलाव, म्हणजे इकडच्या भाषेत मामा तलाव, ज्यांनी बांधले त्या कोहळ्यांना पाणी कुठे थांबेल आणि माणूस कुठे कोरडा राहील हे नेमकं कळत होतं. तलावाच्या पाळीवर किंवा तिच्या मागच्या उंचवट्यावर जिथे जुनी आंब्याची झाडं दिसतात, तिथे मुक्काम कधी फसलेला मी पाहिला नाही. नागझिऱ्याच्या आतल्या विश्रामगृहांची तर वीज नसणं हीच ओळख राहिली आहे. मुलांनी पहिल्या रात्री कुरकुर केली, दुसऱ्या रात्री आठलाच झोपली.

बस्तरवर वेगळा लेख लागेल. चित्रकोटला इंद्रावती सुमारे ९५ फूट खाली येते. पायथ्याच्या वाळूत रात्र काढायचा मोह होतो, करू नये, वरचा पाऊस आपल्याला दिसत नसतो. कांगेर खोऱ्यातलं धुडमारास गाव मात्र जरूर बघावं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने २०२४मध्ये उत्तम पर्यटन गावांच्या उन्नती कार्यक्रमात त्याची निवड केली. धुरवा कुटुंबांच्या घरी राहायचं, नदीत बांबूच्या तराफ्यावर बसायचं. इथे चौकीदार भाड्याचा नसतो, घरमालकच असतो. माझ्या सहा तासांच्या कसोटीवर ही व्यवस्था सर्वांत वर येते.

राहता राहिली कॅरॅव्हॅन. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. केरळने त्याच वर्षी ‘केरवान केरळ’ जाहीर केलं आणि २०२२च्या फेब्रुवारीत वागामोनला पहिलं कॅरॅव्हॅन पार्क उघडलं. गाडी बनवण्याचे नियम ‘एआयएस-१२४’ या मानकात आहेत. आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून जुनी ट्रॅव्हलर फोडून आत पलंग आणि ओटा बसवून घेणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचावं. नोंदणीत बदल न दाखवता गाडीची रचना बदलली तर विम्याचा दावा अडकतो.

गाडी मिळते, पण ती लावायला जागा मिळत नाही, ही खरी अडचण. आमच्या भाऊजींनी गेल्या वर्षी एक भाड्याने घेतली, तेव्हा मी जागांना फोन करण्याचं काम अंगावर घेतलं होतं. फाटकाची रुंदी किती, वरच्या तारा किती उंच, वळायला जागा आहे का, सोळा अँपिअरचं सॉकेट गाडीपासून किती लांब, त्याला अर्थिंग आहे का. आणि शेवटी संडासाची टाकी कुठे रिकामी करायची. या प्रश्नावर तिघांनी फोन ठेवला. एकाने “जंगल पडलंय की” असं उत्तर दिलं, ती जागा आम्ही तिथल्या तिथे खोडली. टाकीतलं रसायन नाल्यात गेलं तर खालच्या गावाचं पाणी जातं. शेवटी एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकाने आपल्या सेप्टिक टँकचं झाकण उघडून द्यायचं कबूल केलं.

जनरेटरबद्दल मी अडून बसलो. डिसेंबर २०२४मध्ये केरळात वडकराजवळ रस्त्याकडेला लावलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. बंद गाडीत झोपायचं तर जनरेटर बंद, ज्या आवारात विजेची जोडणी मिळेल तिथेच मुक्काम, असं ठरलं. एसीचा नाद सोडला, थंडीचे दिवस होते. केशकालच्या घाटातली बारा वळणं त्या लांब गाडीने नकोत म्हणून बस्तरही सोडलं.

तर गाडी उभी राहिली मुरमाच्या अंगणात, आंब्याच्या झाडापासून थोडी बाजूला. बाजूच्या दोन खोल्या आम्ही आधीच घेऊन ठेवल्या होत्या, भाऊजींना न सांगता. मुलं गाडीत झोपली, सगळी पाच, एकावर एक. आई खोलीत, पलंगावर, शेजारी बत्ती. रात्री तीनला मी बाहेर आलो तेव्हा भाऊजी शालीत गुंडाळून गाडीच्या पायरीशी खुर्ची टाकून बसले होते, हातात टॉर्च, आणि दर थोड्या वेळाने उठून सॉकेट गरम झालंय का ते हाताने बघत होते.